थांबण्याच्या जागा : पहिला संग्रह, पहिलं एकटीचं वाचन

कवितासंग्रह स्वतः काढायचा असं ठरवलं तेव्हा हे सगळं कुणीतरी क्रमानं सांगावं असं फार वाटत होतं. जो तो आपल्या वाटणीचा तुकडा सांगायचा. संगणकावर अक्षरं जुळवणारा डीटीपीवाला फॉन्टबद्दल, छापखानेवाला कागदाबद्दल, कवीमित्र प्रकाशन समारंभाबद्दल. मे २०२४ ते फेब्रुवारी २०२५ हे दहा महिने मी ज्या वाटेनं गेले, ती इथे तारखांसकट लिहून ठेवते आहे. आपल्याच पैशानं दोनतीनशे प्रती काढाव्यात आणि त्या लोकांसमोर वाचाव्यात असं मनात असलेल्या कुणाला तरी ती उपयोगी पडेल.

मी ठाण्यात राहते, दादरला औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. कविता बहुतेक गाडीतच होतात, घाटकोपर ते मुलुंडच्या दरम्यान, मोबाइलवर. नौपाड्यातल्या एका खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही बारा-पंधरा जण जमतो, आपापलं वाचतो, चहा पितो, साडेआठला खोलीला कुलूप लागतं. २०१०चं साहित्य संमेलन ठाण्यात झालं तेव्हा मी कॉलेजात होते. कविसंमेलनात गर्दीच्या अगदी मागे उभी राहून ऐकलं होतं. स्वतः पहिल्यांदा लोकांसमोर वाचलं ते मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये, या खोलीत.

त्या दिवशी वाचून झाल्यावर आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सर, निवृत्त शिक्षक, चहाचा कप हातात घेऊन जवळ आले. म्हणाले, "छान आहे गं. पण एक सांगू? ओळ तुटते तिथं तू थांबत नाहीस, आणि तू थांबतेस तिथं ओळ तुटत नाही. दोन्हींपैकी काहीतरी एक चुकतंय."

हे वाक्य मी सहा वर्षं सोबत घेऊन फिरले. पुढे जे जे केलं त्याच्या मुळाशी तेच आहे.

वाचून झालं की कुणीतरी विचारायचंच, "पुस्तक आहे का?" नाही म्हटलं की समोरचा मान हलवून पुढे जायचा. मे २०२४ मध्ये एका बाईंनी माझी कविता वहीत उतरवून घेतली आणि मला दाखवली. शब्द सगळे बरोबर होते, ओळी मात्र त्यांनी त्यांच्या कानाला वाटल्या तशा पाडल्या होत्या, आणि त्या माझ्या ओळींपेक्षा बऱ्या होत्या. त्या रात्री झोप लागली नाही. कविता छापायच्या, तर आधी त्या नीट ऐकायला हव्यात हे तेव्हा ठरलं.

पैशाचं आधीच सांगते. बँकेत दरमहा तीन हजारांचं रिकरिंग मी आदल्या वर्षी सुरू केलं होतं, त्याचे साधारण बेचाळीस हजार होणार होते. एका प्रकाशकाकडे विचारलं तर पाचशे प्रतींसाठी पासष्ट हजार आणि त्यातल्या दोनशे प्रती मीच विकत घ्यायच्या, असा हिशेब निघाला. वागणं सभ्य होतं, पण तो आकडा माझ्या आवाक्यातला नव्हता. नवऱ्याशी बोलले. त्यानं एकच विचारलं, "तीनशे प्रती घरात ठेवायच्या कुठे?" दिवाणाखालच्या गाद्यांची जागा सासूबाईंनी रिकामी करून दिली आणि तो विषय मिटला.

मे-जूनमध्ये निवड केली. माझ्याकडे १३२ कविता निघाल्या. एकेक कविता मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली, रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर, पंखा बंद करून. मग पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारताना इअरफोन लावून ऐकल्या. मासुंदा तलावाला एक फेरी होईपर्यंत तीन-चार कविता व्हायच्या. जिथे माझं लक्ष बोटींकडे किंवा कोपिनेश्वराच्या घंटेकडे गेलं, ती कविता बाजूला ठेवली. आपल्याच कवितेत आपलं मन रमत नसेल तर दुसऱ्याचं कसं रमणार? असं करून ६१ उरल्या, शेवटी ५२.

मग छापील कागदावर पेन्सिल घेऊन बसले. रेकॉर्डिंग लावायचं आणि आवाज थांबतो तिथे खूण करायची : जरासं थांबले तर एक तिरपी रेघ, श्वास घेऊन थांबले तर दोन. नंतर एक रेघ म्हणजे नवी ओळ आणि दोन रेघा म्हणजे मोकळी ओळ, असं धरून प्रत्येक कविता नव्यानं लिहिली. काही ठिकाणी वाचताना मी एखादी ओळ दरवेळी गिळतच होते. ती ओळ कवितेला नकोच होती, काढून टाकली. संग्रह काढायचा नसेल तरी हे एकदा करून बघा. मला कविता लिहिण्याबद्दल जे कळलं ते सहा वर्षांपेक्षा त्या सहा आठवड्यांत जास्त कळलं.

आता कागदपत्रं. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा तेरा आकडी क्रमांक. भारतात तो दिल्लीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा आणि त्याला शुल्क नाही. हे ठळक लक्षात ठेवा, कारण "नंबर काढून देतो" म्हणून दीड-दोन हजार मागणारे लोक मला भेटले. लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी अर्ज करता येतो. मी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, शीर्षकपान आणि मुखपृष्ठाचा कच्चा नमुना जोडून ८ जुलैला अर्ज भरला.

२२ जुलैला तो शेऱ्यासह परत आला आणि चूक माझी होती. मी कविता माहेरच्या नावानं लिहिते. शीर्षकपानावर ते नाव, आधार कार्डावर सासरचं. अर्ज तपासणाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि "ही दोन्ही नावं माझीच" असं स्वघोषणापत्र जोडून २४ जुलैला पुन्हा पाठवलं, १४ ऑगस्टला क्रमांक आला. लग्नाआधीच्या नावानं लिहिणाऱ्या बायकांनी हे दोन कागद पहिल्यांदाच जोडावेत, माझ्यासारखे पाच आठवडे जाणार नाहीत. कोणत्या नावानं छापायचं याचा मी त्या दोन दिवसांत पुन्हा विचार केला. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पहिली कविता कुठल्या नावानं केलीस? तेच ठेव."

क्रमांकाबद्दल आणखी एक. तो हातानं पुन्हा टाइप होतो तेव्हा आकडा चुकू शकतो, आणि माझ्या मागच्या मुखपृष्ठावर तो खरंच चुकला होता. ताळा करणं सोपं आहे : पहिल्या आकड्याला १ नं गुणा, दुसऱ्याला ३ नं, तिसऱ्याला १ नं, असं आलटून पालटून तेराही आकडे घ्या आणि बेरीज करा. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. माझी बेरीज सातावर संपत होती. बारकोड करण्याआधी हे बघा.

आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे, हेही मला तेव्हाच समजलं. कॉपीराइट कविता लिहिली की आपोआप असतोच, कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीला तेव्हा पाचशे रुपये शुल्क होतं. मी केली नाही. कविता प्रथम कुठे आणि कधी वाचली याच्या तारखा माझ्या वहीत होत्या, तेवढं मला पुरेसं वाटलं.

सप्टेंबरमध्ये अक्षरजुळणी सुरू झाली. आमच्या भागातच एक डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, अहवाल, अधूनमधून पुस्तकं. पानाला चाळीस रुपये, ९६ पानं, म्हणजे ३,८४०. पानं ९६च का, तर छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म धरतात, सहा फॉर्म झाले की ९६. शंभर पानं केली असती तर चार पानांसाठी वेगळा खर्च. तुमच्या कविता आधी या सोळाच्या पाढ्यात बसवा.

मी मोबाइलवर, युनिकोडमध्ये लिहिते. दुकानातली जुळणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये व्हायची, त्यामुळे माझा मजकूर रूपांतर करून घ्यावा लागला. पहिलं प्रूफ हातात आलं आणि पोटात गोळा आला. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं होतं. 'ॲ'च्या जागी चौकोन. एका कवितेत माळशेजच्या दऱ्या होत्या, त्यातला बारीक र गेला आणि रफार चढला, दऱ्यांचा दर्या झाला. घाटातून उतरणारी बाई समुद्रात उतरली. आणि ही चूक शुद्धलेखन तपासणाऱ्या कुठल्याच यंत्राला सापडणार नाही, कारण 'दर्या' हाही शब्द खराच आहे.

त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. मोकळ्या ओळी नाहीशा झाल्या होत्या. तलावपाळीच्या फेऱ्यांमधून गोळा केलेल्या दोन-दोन रेघा, सगळ्या मिटून कविता एकसंध भिंतीसारख्या उभ्या. मी विचारलं तर जुळणी करणारे दादा म्हणाले, "ताई, त्या रिकाम्या एंटर होत्या ना? मी फाइल साफ केली." त्यांचंही बरोबर होतं, अहवालात रिकाम्या एंटर ही घाणच असते. मी त्यांच्या शेजारी स्टूलवर बसले आणि एक कविता वाचून दाखवली. आधी मोकळ्या ओळींशिवाय, मग त्यांच्यासह. वाचून झाल्यावर त्यांनी काही न बोलता माऊस हातात घेतला आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ उघडायला सुरुवात केली. पुढच्या पानांवर ते स्वतःच विचारायला लागले, "इथे थांबायचंय का?" त्या माणसाचा मी आयुष्यभर आदर करीन.

दुसरं प्रूफ बघायला मी ३ ऑक्टोबरला गेले, घटस्थापनेचा दिवस. दुकानात देवापुढे घट बसला होता, बाजूच्या संगणकावर आम्ही 'र्य' आणि 'ऱ्य' शोधत होतो. संध्याकाळी बातमी आली की केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दादांनी पेढे मागवले. पेढा खाऊन आम्ही पुन्हा 'दुसऱ्या', 'तिसऱ्या'कडे वळलो. मला ती संध्याकाळ कायम आठवेल, कारण त्या दिवशी भाषेसाठी काहीतरी करत असण्याचं सुख मला त्या एका बारीक रमध्येच मिळालं.

मुद्रितशोधन मी पैसे देऊन करून घेतलं, पानाला वीस, १,९२० रुपये. आपलं लिखाण आपल्याला वाचता येत नाही, डोळे पाठ असलेलं बघतात. या खर्चात काटकसर करू नका. मुखपृष्ठ ओळखीतल्या एका चित्रकार मुलीनं केलं, पाच हजार. कवितासंग्रह आहे म्हणून फुकट कर, असं चित्रकाराला म्हणू नये. आपल्या कवितेला कुणी तसं म्हटलं की काय वाटतं ते आपल्याला माहीत असतंच.

मग थांबणं आलं. ऑक्टोबरात कुठल्याही छापखान्यात शिरा, दिवाळी अंक. "दिवाळीनंतर या," असं तिघांनी सांगितलं. दिवाळी झाली तर विधानसभेची निवडणूक, मतदान २० नोव्हेंबरला, यंत्रं पत्रकांमध्ये गुंतलेली. तुमचं काम सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तयार होणार असेल तर छापखान्याशी पावसाळ्यातच बोलून ठेवा. मला तो महिना आधी फुकट गेल्यासारखा वाटला. मग मी तिसरं प्रूफ मागून घेतलं आणि रोज रात्री दोन कविता मोठ्यानं वाचू लागले. याच दिवसांत अण्णांच्या कवितेत मी एक ओळ वाढवली. ती ओळ लक्षात ठेवा, तिचं पुढे काय झालं ते सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते सव्वीस वर्षं फिटर होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. आमच्या लहानपणी सकाळ भोंग्यानं व्हायची. पुढे कंपन्या एकेक करून बंद झाल्या, त्या जागी काचेच्या इमारती आल्या. कवितेत शेवटी असं आहे :

कंपनी गेली, पत्रे गेले,
फाटकाचं कुलूपसुद्धा कुणी नेलं.
भोंगा वाजायचा थांबला.

अण्णा तरी पाचलाच उठून
अंगणात उभे राहायचे.

मधली मोकळी ओळ हीच खरी कविता आहे. ती नसेल तर ही नुसती माहिती आहे.

२ डिसेंबरला छपाई सुरू झाली. डेमी आकार, आत सत्तर जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) किंचित पिवळसर कागद, प्रत ७२ रुपयांप्रमाणे ३०० प्रतींचे २१,६००. शनिवारी, १४ डिसेंबरला, रिक्षातून सहा गठ्ठे घरी आणले. पहिली प्रत देवापुढे, दुसरी अण्णांच्या हातात. त्यांनी चष्मा लावला, उलटसुलट केली, कणा दाबून बघितला आणि म्हणाले, "बांधणी पक्की आहे." आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाकडून मला त्याहून वेगळं काही नको होतं.

सभागृहाची शोधाशोध मी नोव्हेंबरात सुरू केली होती आणि ती उशिराच म्हणायची. डिसेंबर-जानेवारीतले शनिवार-रविवार लग्नं, स्नेहसंमेलनं आणि व्याख्यानमाला यांनी भरलेले असतात. शेवटी नौपाड्यातलं ऐंशी खुर्च्यांचं एक छोटं सभागृह १९ जानेवारी २०२५, रविवार संध्याकाळसाठी मिळालं. तीन तासांचे ३,५००, अनामत दोन हजार, जी नंतर परत मिळाली. एक अर्ज, ओळखपत्राची प्रत, आणि कार्यक्रमाचं स्वरूप लिहून द्यायचं. ध्वनिव्यवस्थेचे १,५०० वेगळे. वेळ मुद्दाम साडेपाचची ठेवली, रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला तर डोंबिवली-कल्याणचे लोक दुपारी अडकतात. गोखले रोडवर रविवारी गाडी लावायला जागा नसते, तेही निमंत्रणात लिहिलं. स्टेशनपासून चालत यायचा रस्ता लिहिला, त्याबद्दल बऱ्याच जणांनी आवर्जून आभार मानले.

प्रकाशन समारंभ करावा का, यावर मी बरेच दिवस विचार केला. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, चार भाषणं, आणि शेवटी वेळ संपत आल्यावर कवीनं वाचलेल्या दोन कविता, असे अनेक कार्यक्रम मी पाहिले आहेत. मला वाटतं कवितेच्या संध्याकाळी कविताच जास्त हव्यात. म्हणून सरांच्या हस्ते प्रकाशन, त्यांची पाच मिनिटं, आणि मग पाऊण तास फक्त वाचन. अठरा कविता.

एवढा वेळ मी एकटीनं कधी वाचलं नव्हतं. शनिवारच्या खोलीत दोन कवितांत पाळी संपते. पाऊण तासात आवाज कोरडा पडतो, ऐकणाऱ्याचं मन भरकटतं, आणि दोन जड कविता लागोपाठ आल्या की खोलीत हवाच उरत नाही. क्रम मी चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडला, पंधरा दिवसांत सात वेळा बदलला. सासूबाईंसमोर दोनदा पूर्ण वाचलं. दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "प्रत्येक कवितेच्या आधी तू तिची गोष्ट सांगतेस. मग कवितेत ऐकायचं काय राहतं?" अठरापैकी पंधरा प्रस्तावना तिथेच गळाल्या.

तालमीत कळलेल्या काही गोष्टी सांगते. हातात सुटा कागद धरू नका, हात थरथरला की त्याची सळसळ माइकमधून सगळ्यांना ऐकू येते. पुस्तक किंवा पुठ्ठ्याची फाइल धरा. माइक अगदी ओठांसमोर नको, हनुवटीच्या थोडा बाजूला, वीतभर अंतरावर. समोर असला की 'भ' आणि 'फ' आदळतात. पाणी साधं, गार नको. आणि सभागृहात अर्धा तास आधी जाऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर एक कविता वाचा. रिकामी खोली घुमते, माणसं आली की आवाज शोषला जातो, तेव्हा आधी जरा मोठा वाटला तरी चालेल.

त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं नाही. पावणेसहा वाजता खोलीत चोपन्न माणसं होती. अण्णा दुसऱ्या रांगेत कडेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. सरांचं बोलणं झालं, मी उभी राहिले, आणि पहिल्या कवितेच्या दुसऱ्या ओळीवर आवाज चिरकला. थांबले. एक घोट पाणी प्याले. पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. कुणाला काही वाटलं नाही, उलट पुढच्या रांगेतल्या एक आजी मान डोलावून "हं" म्हणाल्या, वर्गात मूल अडखळल्यावर बाई म्हणतात तशा. त्या "हं"नं मला पुढची पंचेचाळीस मिनिटं दिली.

आपल्याकडे कवितेला दाद द्यायची सवय आहे, गझलेला तर मिसऱ्यागणिक, म्हणजे ओळीगणिक. मुक्तछंद वाचणाऱ्याला ती तशी मिळत नाही आणि सुरुवातीला त्या शांततेची भीती वाटते. लोकांना आवडलं नाही, असं वाटून आपण घाईनं पुढची कविता सुरू करतो. मी ठरवून गेले होते की प्रत्येक कवितेनंतर मनात पाच अंक मोजायचे. पहिल्या दोन-तीन वेळा ते पाच अंक मोजणं कवितेपेक्षा कठीण गेलं. नंतर त्या पाच अंकांत खुर्च्यांचे आवाज, कुणाचा तरी लांब श्वास, खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न, हे सगळं ऐकू यायला लागलं, आणि खोली माझ्याबरोबर आहे हे जाणवलं.

अण्णांची कविता बारावी होती. "भोंगा वाजायचा थांबला" इथे मी थांबले. तालमीत जितकी थांबायचे त्याहून जास्त. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मग शेवटच्या दोन ओळी वाचल्या. पाच अंक मोजायचे राहूनच गेले.

कार्यक्रमानंतर चहा आणि बटाटेवडे होते, साठ जणांचे २,४०० रुपये. दीडशे रुपयांच्या ४१ प्रती गेल्या. प्रती विकायला दारापाशी मैत्रीण बसली होती, तिच्याकडे सुट्टे पैसे आणि यूपीआयचा कोड दोन्ही होतं. कवीनं स्वतः पैसे घेत बसू नये, लोकांना तेव्हा बोलायचं असतं. त्या गर्दीत कॉलेजातली एक मुलगी प्रत उघडून माझ्यापाशी आली. ५८वं पान. "ताई, तुम्ही इथे केवढ्या थांबलात. पण पुस्तकात तर गॅप नाहीये?"

मी पान बघितलं. "भोंगा वाजायचा थांबला" ही ५८व्या पानाची शेवटची ओळ होती. "अण्णा तरी पाचलाच उठून" ही ५९व्याची पहिली. मोकळी ओळ दोन पानांच्या मध्ये गेली होती आणि तिथे ती कुणालाच दिसणार नव्हती. तिसऱ्या प्रूफात मी फाटकाच्या कुलपाची ओळ वाढवली, त्यानं खालचं सगळं एका ओळीनं सरकलं. दुरुस्ती झाली का एवढंच मी तपासलं, पान शेवटपर्यंत पाहिलं नाही. कवितेचं पुस्तक करणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते : दुरुस्ती एका अक्षराची असली तरी पूर्ण कविता, पानाच्या तळापर्यंत, पुन्हा बघा. आणि मोकळी ओळ पानाच्या शेवटी येत असेल तर एक ओळ पुढच्या पानावर ढकला.

त्या रात्री मला पुस्तकाचा आनंद झाला नाही. ज्या एका गोष्टीसाठी नऊ महिने दिले तीच हातातून निसटली, असं वाटत राहिलं. सरांना फोन केला. ते म्हणाले, "तुझ्या तोंडातून ती ओळ गेली नाही ना? मग पेन्सिल घे."

राहिलेलं काम फेब्रुवारीत केलं. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं पुस्तकाची एकेक प्रत चार सार्वजनिक ग्रंथालयांना प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चानं द्यायची असते : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमरा, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतःच प्रकाशक असलात तर हे तुम्हालाच करायचं आहे, आणि पुष्कळ कवींना ते माहीतच नसतं. ३ फेब्रुवारीला पोस्टात गेले. पुस्तकांसाठीची रजिस्टर्ड बुक पोस्टाची सोय डिसेंबरात बंद झाल्याचं खिडकीवर कळलं, तेव्हा स्पीड पोस्टानं तीन पाकिटं पाठवली, २१२ रुपये. मुंबईची प्रत १० तारखेला अर्धी रजा काढून हातानं नेली. टाउन हॉलच्या त्या उंच पायऱ्या चढताना पुस्तक पिशवीत न ठेवता हातात धरलं होतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयालाही दोन प्रती दिल्या. ते १८९३ सालापासून आहे, आणि त्या कपाटांतली पुस्तकं वाचूनच मी लिहायला लागले.

सगळा खर्च ३९,९७२ रुपये झाला. रिकरिंगमधून दोन हजारांवर उरले.

आणि मी पेन्सिल घेतली. एचबी, टोक बारीक करून. रोज रात्री जेवणं झाली की दिवाणाखालून पंचवीस प्रती काढायच्या, ५८वं पान उघडायचं आणि शेवटच्या ओळीखाली दोन तिरप्या रेघा मारायच्या, तलावपाळीच्या दिवसांत मारत होते तशाच. तिसऱ्या रात्री अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. थोडा वेळ बघत बसले, मग म्हणाले, "दे इकडे निम्म्या." त्यांची रेघ माझ्याहून सरळ येते. पाठवलेल्या आणि कार्यक्रमात गेलेल्या प्रतींवर त्या रेघा नाहीत. त्यातली एखादी तुमच्याकडे असेल तर दुसऱ्या शनिवारी नौपाड्यात घेऊन या, पेन्सिल माझ्या पर्समध्ये असते.